गेलं म्हणून सांग

माझ्या उजव्या जबड्यातली खालची दाढ दीड वर्षापूर्वी दुखायला लागली आणि ती काढून टाकून आता वर्ष होत आलं, तरी दुखतेच आहे. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या प्रत्येकानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग अश्विनकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. नसलेली दाढ दुखते म्हणणाऱ्या बाईबद्दल तिच्या नवऱ्याचं काय मत आहे, ते लोकांना आधी जाणून घ्यायचं असतं.

मी अकोल्यातल्या एका खाजगी शाळेत चौथीला शिकवते. दिवसभर बोलायचं काम. अश्विन वीज कंपनीत आहे, मुलगी प्रणाली सातवीत. आणि घरात माझे सासरे, खुशालराव. मी त्यांना मामाजी म्हणते. नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं. सासूबाई वारल्यावर शेत बटईनं देऊन ते आमच्याकडे राहायला आले. पंच्याहत्तरी उलटलेली, वीस वर्षांपासून शुगर, आणि बोलणं अगदी बेताचं. इतकीच माणसं आहेत या गोष्टीत, आणखी दोघं पुढे येतील.

दाढेचं रूट कॅनल अकोल्यातच केलं, तीन बैठकांत. डॉक्टरांचा हात हलका होता, वागणं चांगलं होतं. त्यांना मी दोष देत नाही. देता आला असता तर बरं वाटलं असतं, निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं. वर टोपी बसली, डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त जेवा. मी आठ दिवस बिनधास्त होण्याची वाट पाहिली. मग पंधरा. दाढेच्या मुळाशी एक ठणका सुरू होता तो कानाच्या खालपर्यंत चढायचा, आणि मध्येच पंख्याचा वारा लागला, थंड पाण्याचा घोट गेला, की जबडा उभा चिरल्यासारखी कळ यायची. वर्गात तेराचा पाढा म्हणता म्हणता मी गप्प व्हायचे आणि पोरं पुढचं आपलं आपण म्हणत राहायची.

पुन्हा एक्स-रे काढला. तो इतका छान आला की डॉक्टरांनी मला कौतुकानं दाखवला. "मॅडम, यातली नसच आपण काढून टाकली. आता दुखणार काय?" मलाही तेच विचारायचं होतं.

मग सल्ले सुरू झाले. दाताच्या बाबतीत वऱ्हाडात प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. लवंग धर, कापूर धर, तुरटीच्या गुळण्या कर, तंबाखूचा गुडाखू लाव. शाळेतल्या एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं की घरात काही टेन्शन आहे का. मी म्हटलं, आहे ना, दाढ दुखते. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. तेव्हा मला इतका संताप आला की हातातला डस्टर मी टेबलावर आपटला. पुढे स्टाफरूममध्ये सगळ्या माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या.

अमरावतीच्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत असं कळलं म्हणून तिकडे गेलो. अकोल्याहून एसटीनं जायचं, मूर्तिजापूर, बडनेरा करत. खिडकीचा वारा लागू नये म्हणून मी गालाला ओढणी बांधून बसायची आणि समोरच्या बाया मला विचारायच्या, गालफुगी झाली का? डॉक्टरबाईंनी रूट कॅनल पुन्हा केलं. फरक पडला नाही. जानेवारीत मीच हट्ट धरला की काढून टाका. त्या म्हणाल्या, काढून थांबेलच असं नाही, थोडं थांबा. मी ऐकलं नाही. ज्या गोष्टीचा त्रास होतो ती फेकून दिली की त्रास जातो, एवढं साधं गणित मी चौथीच्या पोरांनाही शिकवते. त्यांनी दाढ काढली, कापूस दाबायला दिला, आणि कापूस काढल्यावर त्याच जागी तोच ठणका बसलेला होता.

"हे दाताचं दुखणं नाही, नसेचं आहे," त्या पुढच्या खेपेला म्हणाल्या. "नस काही वेळा विसरत नाही. गोळी देते. काहींचं कमी होतं, काहींचं राहतं. दर महिन्याला या, बघून बघून गोळी वाढवू." पहिल्यांदा कुणीतरी मला खरं सांगत होतं, आणि ते असं होतं. परतीच्या बसमध्ये अश्विन डोळे मिटून बसला. तो दमला होता. माझ्या दुखण्याला तो माझ्याआधी दमला, याचा मला राग येतो आणि त्याची कीवही येते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. रडताना तोंड वेडंवाकडं होतं आणि मग जास्त दुखतं, म्हणून मी मध्येच थांबले. मागे वळून पाहिलं तर मामाजी पाण्याचा गिलास घ्यायला आलेले, तसेच दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला गेले ते अनवाणी. चपला दारातच होत्या. मला वाटलं विसरले. परत आले, पाय धुतले, आणि मला म्हणाले, "माय, मारुतीले सांगतलं म्या. तुह्यं दुखनं जाईलोक पायात घालनार नाई. गेलं का रोडगे करू."

आमच्याकडे हे चालत आलेलं आहे. घरातल्या कुणाचं दुखणं हटेना की मोठं माणूस पायातलं सोडतं. दुखणं गेलं की गावच्या मारुतीला रोडग्यांचं जेवण द्यायचं, मगच नवस फिटतो. आणि गेलं हे ज्याचं दुखणं आहे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. मुलासाठी करतात, नातवासाठी करतात. सुनेच्या दाढेसाठी सासऱ्यानं चपला सोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला आधी हसू आलं, मग भडभडून आलं. दीड वर्षात एक्स-रे न पाहता माझ्यावर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस.

त्यानंतर रोज सकाळी दूध ठेवता ठेवता ते विचारायचे, "काय म्हन्ते दाढ?"

"तशीच आहे, मामाजी."

"बरं," असं म्हणून ते पेपर घेऊन बसायचे. ना सल्ला, ना उसासा. मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, एवढंच. तुम्हाला हे फार वाटणार नाही. पण दिवसभरात मी तेवढ्या एका प्रश्नासाठी थांबलेली असायची. बाकीच्या जगात मी बरी असल्यासारखी वागायची, आणि सकाळी सहा वाजता एका माणसापुढे मला दुखत असायचं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये अकोल्याचे रस्ते कसे तापतात ते सांगायला नको. अश्विन चिडायचा. "बाबा, तुमाले शुगर हाये. तुमी काहून ऐकत नाई?" मामाजी म्हणायचे, "तिले दुखून राहिलं अन् मी चपला घालून फिरू काय?"

मे महिन्यात एक दिवस प्रणाली शाळेच्या सुट्टीतली चित्रं काढत फरशीवर बसली होती. तिनं विचारलं, "आई, हे लाल काय आहे?" दारापासून मामाजींच्या खाटेपर्यंत एकाआड एक डाग होते. मामाजी खाटेवर पेपर वाचत होते. त्यांचा उजवा अंगठा खालून फाटला होता, आत काचेचा तुकडा रुतलेला, आणि त्यांना पत्ता नव्हता. शुगरनं पाय बधिर झालेले. मी त्यांच्या पायाशी बसून तो तुकडा चिमट्यानं काढला तेव्हा ते वरून शांतपणे पाहत होते. त्यांच्या जित्याजागत्या पायाला काही कळत नव्हतं आणि माझ्या नसलेल्या दाढेला सगळं कळत होतं. देवानं जरा अदलाबदल केली असती तर दोघांचंही भलं झालं असतं, असं मला वाटलं.

जखम चिघळली. दहा दिवसांनी डॉक्टरांनी अश्विनला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की पाय झाकून ठेवला नाही, मऊ पादत्राण घातलं नाही, तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर भागेलच असंही नाही. आम्ही दोघं आत गेलो. अश्विननं हात जोडले. मी हात जोडले. मामाजी म्हणाले, "शब्द देल्ला आहे. आता हिचं दुखनं अर्ध्यावर सोडून मी पायात घालू? मंग माह्या शब्दाले काय किंमत राह्यली?"

त्या दिवशी मी कुठेच गेले नाही, घरातच बसून विचार केला. विचार कसला, दोनच गोष्टी होत्या. एकीकडे त्यांचा पाय. दुसरीकडे सकाळचा तो प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर देण्याची मुभा. दुखणं गेलं म्हणून एकदा सांगितलं की ते परत आणता येणार नव्हतं. नवस फेडलेल्या दुखण्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. केली तर देवाला खोटं पाडल्यासारखं होतं. मला हे पक्कं माहीत होतं, म्हणून मी दिवसभर वेळ काढला. मला लाज वाटते सांगायला, पण संध्याकाळी दिवाबत्ती होईपर्यंत मी मनात म्हणत होते की एका अंगठ्यानं काय होतं, कितीतरी लोक अंगठ्याशिवाय चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला जाऊ शकले नाहीत. खाटेवरूनच विचारलं, "काय म्हन्ते दाढ?"

"गेलं, मामाजी," मी म्हटलं.

ते उठून बसले. "काय गेलं?"

"दुखणं. कालपासून नाही. मी मुद्दाम बोलले नाही, म्हटलं एक दिवस पाहू."

"पुरं गेलं?"

"पुरं."

"आपल्या तोंडानं सांगून राहिली ना?"

"हो."

त्या माणसाला मी सासूबाईंच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. ते रडले, आणि रडता रडता पाय खाटेखाली घेऊन चपला चाचपडू लागले. मी दारातल्या चपला आणून फडक्यानं पुसून त्यांच्या पायात घातल्या. पट्टीवर चपलेचा पट्टा नीट बसत नव्हता, तो मी सैल केला. माझ्या जबड्यात त्या वेळी इतकी कळ होती की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते त्या प्रसंगाला शोभून दिसलं.

अश्विनला मी तिसऱ्या दिवशी खरं सांगायला गेले. तो वाक्य पुरं होण्याआधीच म्हणाला, "थोडंफार तं राहतेच ज्योत्स्ना. जाईन तेही हळूहळू." आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढचं बोलू नकोस. मी परत फिरले. खोटं मी फक्त मामाजींसाठी बोलले असं मला वाटत होतं, पण घरातल्या सगळ्यांनाच ते हवं होतं. प्रणालीसुद्धा त्या आठवड्यात मोठ्यानं गाणी लावायला लागली.

जूनच्या पहिल्या शनिवारी गावी रोडग्यांचं जेवण झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा, आत थरावर थर दिलेला मोठा गोळा. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. बाहेरून कडक, फोडून वरणात आणि तुपात चुरून खायचा, सोबत वांग्याची भाजी. मारुतीच्या पारापुढे सगळं गाव बसलेलं. पहिला घास मी घ्यायचा असं ठरलेलं होतं. मामाजींनी स्वतःच्या हातानं रोडगा फोडला, तूप ओतलं, आणि समोर उकिडवे बसले. मी डाव्या बाजूनं चावायला लागले. सवयच लागली होती.

"उजवीकून खाय ना माय," ते हसून म्हणाले. "आता काय भेव?"

मी उजवीकडे घेतला. एवढंच सांगते की मी तो गिळला. बायका म्हणाल्या, डोये भरून आले बिचारीचे. मामाजी पंगतीत फिरून प्रत्येकाला सांगत होते की दोन डॉक्टर थकले, दाढ काढली तरी हटलं नाही, आणि चार महिन्यांत मारुतीनं हटवलं. त्यांचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

पाय बरा झाला. दिवाळीपर्यंत नवं कातडं आलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मला आनंद झाला, तो खोटा नव्हता.

पण अमरावतीला जाणं बंद पडलं. दुखणं नसलेली बाई दर महिन्याला डॉक्टरकडे कशाला जाईल? शिल्लक गोळ्या मी शाळेच्या कपाटात खडूंच्या खोक्यात ठेवल्या होत्या, त्या ऑगस्टमध्ये संपल्या. एकदा परस्पर जाऊन यायचं ठरवलं होतं, तर बसस्टँडवरच नांदगावचे ओळखीचे निघाले आणि म्हणाले, काय म्हन्ता, रोडगे तं मस्त झाले होते. मी परत आले. मामाजी आता सकाळी विचारत नाहीत. दूध ठेवतात, पेपर उघडतात, आणि कधी कधी मान वर करून माझ्याकडे नुसतं पाहून हसतात. मीही हसते. प्रणाली म्हणते, आई, तू एकाच बाजूनं हसतेस.

डिसेंबरात पातूरहून डोमाजी आले, म्हणजे मामाजींचे साडभाऊ, सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सोबत त्यांची मुलगी रागिणी. सव्वीस वर्षांची, पातूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. दार मी उघडलं. डोमाजींच्या पायात काही नव्हतं. रागिणीनं गालावरून ओढणी घट्ट बांधली होती, उजव्याच बाजूला, आणि दारातून आत येताना पंख्याकडे पाहून ती दोन पावलं बाजूला सरकली. मला पुढचं काही सांगायची गरज नव्हती.

"चार महिने झाले रूट कॅनल करून," डोमाजी मामाजींना सांगत होते. "पोरगी जेवत नाई, बोलत नाई. डॉक्टर म्हन्ते काईच नाई. मंग तुमची गोठ आठवली भाऊ. मीनं परवाच सोडल्या चपला."

"बेस केलं," मामाजी म्हणाले. "ज्योत्स्ना, इकडे ये माय. सांग हिले."

मी दारात उभी होते. रागिणी माझ्याकडे पाहत होती. तिला माझ्याकडून काय हवं आहे हे मला तिच्याहून जास्त कळत होतं.

"गेलं," मी म्हटलं. "पूर्ण गेलं."

चहा करायच्या निमित्तानं मी तिला आत घेऊन गेले. चहा मी दोन कपांत वेगळा काढला आणि कोमट होऊ दिला. तिनं ते पाहिलं. कप हातात घेतला, डाव्या बाजूनं एक घोट घेतला, मग माझा कप पाहिला, मी कसा धरलाय ते पाहिलं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "मले खरं सांगा."

"नाही गेलं," मी म्हटलं.

सात महिन्यांत पहिल्यांदा हे शब्द माझ्या तोंडून आले. मी धान्याच्या डब्यावर बसले. तिनं कप ठेवला आणि माझा हात धरला. मग आम्ही दोघी बोलत सुटलो. कानाच्या खाली येते का? येते. ब्रश फिरवताना? हो, पण त्याहून तोंड धुताना. वाऱ्यानं? वाऱ्यानं तर नक्कीच. आणि कधी कधी अर्धा दिवस काहीच नसतं, तेव्हा जास्त भीती वाटते ना? वाटते! तिनं मला विचारलं की शिंक आली की काय करता, आणि मी नाक चिमटून दाखवलं, तर ती हसायला लागली, आणि हसताना गाल धरला, तशी मीही धरला, आणि दोघी गाल धरून ओट्याशी हसत बसलो. खोटं कशाला बोलू, लग्नानंतर इतका सुखाचा अर्धा तास मला आठवत नाही.

मी तिला अमरावतीच्या डॉक्टरबाईंचा नंबर लिहून दिला. सांगितलं, दाढ काढू नकोस, काही झालं तरी काढू नकोस. गोळ्या लवकर सुरू कर, दर महिन्याला जा, माझं जे राहून गेलं ते तुझं राहू देऊ नकोस. दर रविवारी मला फोन कर. दुखत असलं तरी कर, खूप दुखत असलं तर आधी कर. तिनं मान हलवली. चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

"बाबांचं काय करू?" ती म्हणाली. "कापसाची वेचणी सुरू आहे. अनवाणी जातात वावरात. काल पऱ्हाटीचं खुट घुसलं पायात, मीच काढलं."

मी तिचा हात हातात घेतला.

"मावसाजींचा पाय सडला होता ना?" तिनं विचारलं. "मग चपला कशा घातल्या त्यायनं?"

ती हुशार मुलगी आहे. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. माझ्या हातातला तिचा हात तिनं सोडवून घेतला, उद्धटपणे नाही, कप उचलायचा म्हणून.

"म्हणजे तुमी नुसतं म्हटलं," ती म्हणाली.

"हो. पण तू आधी डॉक्टरकडे जा रागिणी. आधी अमरावतीला जाऊन ये. ते नंतर पाहू."

"हो," ती म्हणाली. निघताना तिनं माझ्या पाया पडून ओढणी पुन्हा बांधली.

चौथ्या दिवशी मामाजींचा फोन वाजला. ते बोलता बोलता उभे राहिले, हात वर केला, अश्विनला हाक मारली. "गेलं! डोमाजीच्या पोरीचं दुखनं गेलं! चार दिवसांत! तुले तं चार महिने लागले होते ज्योत्स्ना," असं म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बोल तिच्याशी, बोल."

पलीकडे बरीच माणसं असावीत, गलबला ऐकू येत होता. "वहिनी, गेलं," रागिणी मोठ्यानं म्हणाली. मामाजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. "बरं झालं बाई," मीही मोठ्यानं म्हटलं. ती म्हणाली, तुमच्यामुळे झालं. मी फोन मामाजींना परत दिला आणि भाजी पाहायला आत गेले, कारण भाजी खरोखरच गॅसवर होती.

रविवारपर्यंत मी धीर धरला. मला माहीत होतं की ती लोकांपुढे बोलली. माझ्याशी तसं बोलायची गरज नव्हती. आमचं ठरलं होतं. ती अमरावतीला जाऊन आली का, कोणती गोळी दिली, झोप येते का त्यानं, सगळं विचारायचं मी मनात जुळवून ठेवलं होतं. दुपारी सगळे जेवून पडल्यावर मी गच्चीवर गेले आणि फोन लावला.

"अमरावतीला गेली होतीस?"

"नाई वहिनी. आता कायले जायचं?"

"कुणी आहे का जवळ?"

"नाई. मी क्लासमध्येच आहे, एकटी."

"दार लाव मग," मी म्हटलं. "लावलं? आता सांग मला. खूप दुखतंय का?"

तिचा श्वास ऐकू येत होता, डाव्या बाजूनं सावकाश घेतलेला.

"नाई दुखत, वहिनी," ती म्हणाली. "तुमचं?"

"माह्यंही नाई," मी म्हटलं.